नकाराआधीच्या बैठका: डेव्हिड कॅमरन आणि ग्रीन्सिल प्रकरण

मार्च २०२०चा पहिला आठवडा. ब्रिटनमध्ये कोरोना पोहोचला होता, अर्थसंकल्प तोंडावर होता आणि अर्थखात्याचे सर्वोच्च अधिकारी सर टॉम स्कॉलर यांच्या फोनवर एक मेसेज आला. अर्थमंत्री ऋषी सुनक यांच्याकडे भेटूच, हस्तांदोलनाऐवजी कोपराला कोपर लावू किंवा पायाला पाय, अशा अर्थाचा. खाली लिहिलं होतं: ‘लव्ह, डीसी’.

डीसी म्हणजे डेव्हिड कॅमरन. मे २०१० ते जुलै २०१६ या काळातले ब्रिटनचे पंतप्रधान. स्कॉलर हे त्यांच्याच कार्यालयात युरोपविषयक सल्लागार होते. म्हणजे जुन्या साहेबाचा जुन्या सहकाऱ्याला मेसेज, एरवी दखल घेण्यासारखं काही नाही. फरक इतकाच की आता साहेब ग्रीन्सिल कॅपिटल या खासगी वित्तकंपनीच्या पगारावर होते, आणि पुढच्या चार महिन्यांत त्या कंपनीसाठी त्यांनी मंत्री, सचिव आणि बँक ऑफ इंग्लंडचे अधिकारी यांना मेसेज, ई-मेल आणि फोन करून भंडावून सोडलं.

अभ्यासासाठी हे प्रकरण निवडण्याचं कारण जरा उफराटं आहे. यात लाच नाही. कॅमरन यांनी कुठलाही नियम मोडला नाही, असं प्रत्येक चौकशीने सांगितलं. शिवाय ज्यासाठी एवढी धडपड केली ते कामही झालं नाही; कंपनीला कोविडच्या सरकारी मदत योजनेत घ्यायला अर्थखात्याने शेवटी नकार दिला. ‘मग तक्रार कसली?’ असं कॅमरन यांचे पाठीराखे तेव्हा विचारत होते. प्रश्न रास्त आहे, म्हणून तपशिलात जायला हवं.

धंदा काय होता

लेक्स ग्रीन्सिल हा ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमधल्या बंडाबर्गचा. घरची ऊस आणि कलिंगडाची शेती. माल वेळेवर दिला तरी मोठे खरेदीदार पैसे महिनोन्महिने थकवायचे आणि आईवडिलांची ओढाताण व्हायची, ही गोष्ट तो जाईल तिथे सांगायचा. आडत्याकडे माल टाकून पट्टी हातात आणि पैसे दोन महिन्यांनी, हा अनुभव ज्यांच्या घरात आहे त्यांना ती लगेच पटेल. त्याने २०११मध्ये काढलेल्या ग्रीन्सिल कॅपिटलचा व्यवसाय याच दुखण्यावर बेतलेला होता: पुरवठादाराला बिलाची रक्कम थोडी कापून आजच द्यायची आणि मुदत संपली की पूर्ण रक्कम मोठ्या खरेदीदाराकडून वसूल करायची. याला सप्लाय चेन फायनान्स म्हणतात. प्रकार जुनाच आहे, आपल्याकडच्या बिल डिस्काउंटिंगचा भाऊबंद.

एवढ्यावर थांबला असता तर ग्रीन्सिल मध्यम आकाराचा सावकार राहिला असता. त्याने पुढची उडी मारली. अजून न झालेल्या विक्रीच्या, न निघालेल्या बिलांच्या भरवशावरही तो कंपन्यांना पैसे देऊ लागला. हे बिल वटवणं नव्हे, हे सरळ कर्ज, तेही तारणाचा पत्ता नसलेलं. त्यासाठी लागणारा पैसा क्रेडिट सुईस या स्विस बँकेच्या फंडांमधून आणि जर्मनीतल्या ब्रेमेनच्या स्वतःच्या बँकेतून यायचा. गुंतवणूकदारांना धीर देण्यासाठी वर विम्याचं कवच होतं. २०१९मध्ये सॉफ्टबँक या जपानी गुंतवणूक कंपनीने दीड अब्ज डॉलर ओतले, तेव्हा तर कंपनी भविष्याची धनी मानली जाऊ लागली.

सरकारला यात पडायची गरज काय होती? माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत कमी विचारला गेलेला प्रश्न हाच. बाजारात सरकारपेक्षा स्वस्त कर्ज कुणालाच मिळत नाही. औषध दुकानदारांची बिलं लवकर चुकती करायची असतील तर सरकारने ती लवकर चुकती करावीत, इतकं ते सोपं आहे. तरीही २०१२मध्ये कॅमरन यांच्या सरकारने औषध दुकानदारांना आधी पैसे देणारी योजना जाहीर केली, मध्ये वित्तपुरवठादार ठेवून. पुढे त्या योजनेत ग्रीन्सिलचा पैसा शिरला.

आत कसा आला

ग्रीन्सिलला आत आणलं ते जेरेमी हेवूड यांनी. हेवूड हे ब्रिटिश नोकरशाहीतलं सर्वांत वजनदार नाव, पुढे कॅबिनेट सचिव. मधली काही वर्षं ते मॉर्गन स्टॅन्ली बँकेत होते आणि लेक्स ग्रीन्सिलही तिथेच होता. ओळखीतून तो सरकारचा बिनपगारी सल्लागार झाला. त्याला सरकारी इमारतीत बसायला जागा मिळाली, प्रवेशाचा पास मिळाला, आणि ‘वरिष्ठ सल्लागार, पंतप्रधान कार्यालय’ असं छापलेलं व्हिजिटिंग कार्डही, ज्यावर पत्ता १०, डाउनिंग स्ट्रीट. हे कार्ड २०२१मध्ये विरोधी मजूर पक्षाने बाहेर काढलं. बिनपगारी माणसाला असं कार्ड मिळालं की त्याला पगाराची गरज उरत नाही, हे मंत्रालयाच्या आवारात चार दिवस काढलेल्या कुणालाही वेगळं सांगायला नको. २०१७मध्ये त्याला अर्थव्यवस्थेच्या सेवेसाठी सीबीई हा किताबही मिळाला.

कॅमरन यांचं म्हणणं असं की पंतप्रधान असताना आपण ग्रीन्सिलला फार तर दोनदा भेटलो. खरंही असेल. पण घराचा मालक पाहुण्याला दोनदाच भेटला तरी पाहुणा घरात वावरत होताच.

याच वाटेवर आणखी एक पात्र आहे, बिल क्रॉथर्स. हे सरकारचे मुख्य व्यापारी अधिकारी, म्हणजे सरकारी खरेदीची सूत्रं यांच्या हाती. सप्टेंबर २०१५मध्ये ते ग्रीन्सिल कॅपिटलचे अर्धवेळ सल्लागार झाले. सरकारी नोकरी त्यांनी नोव्हेंबरमध्ये सोडली. म्हणजे मधल्या काळात ते दोन्हीकडे होते, आणि तेही चोरून नव्हे, रीतसर परवानगी घेऊन. ही बाब २०२१च्या एप्रिलमध्ये उघड झाल्यावर नोकरशाहीच्या प्रमुखांनी सगळ्या खात्यांना घाईघाईने पत्रं धाडली, तुमच्याकडे आणखी कुणी अशी बाहेरची नोकरी करतंय का ते कळवा म्हणून. परवानगी देणाऱ्या यंत्रणेलाच ठाऊक नव्हतं, तिने कुणाकुणाला परवानगी दिली आहे.

खुद्द कॅमरन ऑगस्ट २०१८मध्ये ग्रीन्सिलकडे गेले. तारीख बघण्यासारखी आहे. माजी मंत्र्यांच्या नव्या नोकऱ्यांवर सल्ला देणारी अकोबा नावाची समिती तेव्हा होती. पद सोडल्यानंतर दोन वर्षांपर्यंतच तिला विचारावं लागे. कॅमरन यांनी पद सोडलं जुलै २०१६मध्ये. बंधन संपलं आणि पुढच्याच महिन्यात नोकरी सुरू झाली. मोबदला किती, हे त्यांनी संसदीय समितीला आकड्यात सांगितलं नाही. पंतप्रधानपदाच्या पगाराहून कितीतरी जास्त, शिवाय समभाग, एवढं मान्य केलं. बीबीसीच्या पॅनोरमा कार्यक्रमाने अडीच वर्षांची रक्कम करापूर्वी सुमारे १ कोटी डॉलर सांगितली.

नोकरीचं स्वरूप काय, तर ओळखी. ऑक्टोबर २०१९मध्ये कॅमरन लेक्स ग्रीन्सिलला घेऊन आरोग्यमंत्री मॅट हॅनकॉक यांच्याबरोबर खासगी गप्पांना बसले. सरकारी रुग्णालयांतल्या कर्मचाऱ्यांना पगार आधी देणारं ग्रीन्सिलचं अर्न्ड नावाचं ॲप तेव्हा खपवायचं होतं. जानेवारी २०२०मध्ये दोघे सौदी अरेबियात होते, राजपुत्र मोहम्मद बिन सलमान यांच्या वाळवंटातल्या तंबूत.

ते चार महिने

१७ मार्च २०२० रोजी सरकारने मोठ्या उद्योगांसाठी कोविड कॉर्पोरेट फायनान्सिंग फॅसिलिटी, थोडक्यात सीसीएफएफ, जाहीर केली. बँक ऑफ इंग्लंडने कंपन्यांकडून अल्पमुदतीचे कर्जरोखे विकत घ्यायचे आणि त्यांना खेळतं भांडवल द्यायचं, अशी ती योजना होती. वित्तसंस्थांना तीत प्रवेश नव्हता. ग्रीन्सिल वित्तसंस्था होती. नियम इतका स्वच्छ होता.

कॅमरन कामाला लागले. अर्थमंत्री सुनक, अर्थखात्यातले दोन राज्यमंत्री, मायकेल गोव्ह आणि नदीम झहावी हे इतर खात्यांचे मंत्री, बँक ऑफ इंग्लंडचे डेप्युटी गव्हर्नर जॉन कन्लिफ, डाउनिंग स्ट्रीटमधले सल्लागार, स्कॉलर तर होतेच. गोव्ह यांना लिहिलेल्या मेसेजचा सूर असा: तू कामात बुडालेला आहेस हे ठाऊक आहे, फार छान चाललंय तुझं, पण एक शब्द बोलायला वेळ आहे का? पंतप्रधानांच्या एका सल्लागाराला त्यांनी लिहिलं की सप्लाय चेन फायनान्सला वगळणं हा वेडेपणा आहे, ऋषीने यात नीट लक्ष घालून अधिकाऱ्यांना मार्ग काढायला सांगायला हवं. आणि आपण आता अर्थमंत्री, गोव्ह, सगळ्यांना फोन लावतो आहोत, हेही.

सुनक यांनी २३ एप्रिलला उत्तर दिलं: बँकेबरोबर दुसरा काही पर्याय निघतो का ते पाहायला मी माझ्या माणसांच्या मागे लागलो आहे.

या एका ओळीपाशी थांबायला हवं. तिच्यात कुठलंही आश्वासन नाही. उद्या न्यायालयात उभं राहायची वेळ आली तरी सुनक यांना ती अडचणीची ठरणार नाही. पण ‘माझ्या माणसांच्या मागे लागलो आहे’ याचा अर्थ अधिकाऱ्यांनी आधी नाही म्हटलेली फाइल पुन्हा उघडली गेली. मार्च ते जून या काळात ग्रीन्सिलचे लोक आणि अर्थखात्याचे वरिष्ठ अधिकारी नऊ-दहा वेळा बोलले. देशातली दुकानं बंद, लाखो लोक घरी बसलेले, रोजगार टिकवण्याच्या योजना रात्रंदिवस खपून तयार होत असलेल्या. त्या आठवड्यांत अर्थखात्यात पैशापेक्षा दुर्मीळ काही असेल तर तो वरिष्ठ अधिकाऱ्यांचा वेळ. तो एका कंपनीला पुन्हा पुन्हा मिळाला. प्रस्ताव बदलून आला, परत तपासला गेला, परत नाकारला गेला. अखेरचा नकार जूनच्या शेवटी गेला.

म्हणून ‘काम झालं नाही, म्हणजे व्यवस्था चालली’ हा युक्तिवाद मला मान्य नाही. माजी पंतप्रधानाला पगारावर ठेवणारी कंपनी होकार विकत घेत नाही, होकाराची हमी कुणीच देत नसतं. ती सुनावणी विकत घेते. पहिला नकार शेवटचा नसण्याची सोय विकत घेते. ज्याच्याकडे कॅमरन नव्हते अशा अर्जदाराला नियमाकडे बोट दाखवणारा एक ई-मेल आला असता आणि विषय तिथेच मिटला असता. अधिकाऱ्यांनी शेवटी ठाम राहून नाही म्हटलं, ते कौतुकाचंच आहे. मात्र ते अधिकाऱ्यांचं कौतुक झालं. व्यवस्थेने त्यांना आधी नऊ-दहा वेळा त्याच टेबलाशी बसवलं होतं.

बाजूचं दार

पुढच्या दाराने नकार येत असतानाच बाजूचं दार उघडलं. जून २०२०मध्ये सरकारी मालकीच्या ब्रिटिश बिझनेस बँकेने ग्रीन्सिलला दुसऱ्या एका कोविड योजनेत कर्ज देणारी संस्था म्हणून मान्यता दिली. या कर्जांच्या ८० टक्के रकमेला सरकारची हमी होती. एका कर्जदार गटाला कमाल ५ कोटी पौंड अशी मर्यादा असताना ग्रीन्सिलने ४० कोटींहून अधिक वाटले आणि त्यातले तब्बल ३५ कोटी संजीव गुप्ता यांच्या जीएफजी अलायन्सशी जोडलेल्या कंपन्यांना गेले, सात वेगवेगळ्या कर्जांच्या रूपात.

गुप्ता मूळचे लुधियानाचे. बंद पडायला आलेले पोलाद कारखाने विकत घेणारा ‘पोलादाचा तारणहार’ म्हणून ब्रिटनमध्ये त्यांचं कौतुक झालं होतं. त्यांचा डोलारा बऱ्याच अंशी ग्रीन्सिलच्या पैशावर उभा होता आणि ग्रीन्सिलचा त्यांच्यावर. मे २०२१मध्ये ब्रिटनच्या सीरियस फ्रॉड ऑफिसने जीएफजीची चौकशी सुरू केली. गुप्ता यांनी गैरव्यवहार झाल्याचं कायम नाकारलं आहे.

ही मान्यता कॅमरन यांच्या शब्दामुळे मिळाली असा पुरावा नाही आणि तसं सुचवणं चूक ठरेल. राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या जुलै २०२१च्या अहवालातून दिसतं ते वेगळंच: घाईच्या दिवसांत सुटसुटीत केलेली प्रक्रिया, कंपनीने सांगितलेल्या गोष्टी पुरेशा न पडताळणं, आणि करदात्यांचे ३३.५ कोटी पौंडांपर्यंत धोक्यात. संसदेच्या लोकलेखा समितीने तर ही पडताळणी अत्यंत तोकडी होती असं सुनावलं. ज्या कंपनीचा मालक पूर्वी डाउनिंग स्ट्रीटचं कार्ड घेऊन फिरत होता, ज्याच्या नावापुढे सीबीई होतं आणि सल्लागारांत माजी पंतप्रधान होता, तिच्याकडे संशयाने बघायला कुठल्या अधिकाऱ्याला सुचलं असतं?

कोसळणं मात्र झटपट झालं. विमा कंपनीने कवच वाढवून द्यायला नकार दिला, १ मार्च २०२१ रोजी क्रेडिट सुईसने सुमारे १० अब्ज डॉलरचे फंड गोठवले, दोन दिवसांत जर्मन नियामकाने ब्रेमेनची बँक बंद केली आणि ८ मार्चला ग्रीन्सिल कॅपिटल दिवाळखोरीत गेली. जर्मनीतल्या डझनावारी नगरपालिकांनी जास्त व्याजाच्या आशेने त्या बँकेत ठेवी ठेवल्या होत्या. त्या अडकल्या.

कायदा कुणी केला होता

फेब्रुवारी २०१०मध्ये विरोधी पक्षनेते असलेल्या कॅमरन यांनी एक भाषण केलं. लॉबिंग, म्हणजे कुणाच्या तरी फायद्यासाठी सत्तेतल्या माणसांकडे शब्द टाकणं, हा येऊ घातलेला पुढचा मोठा घोटाळा आहे, असं ते म्हणाले. जेवणावळी, पाहुणचार, कानात सांगितलेला हळूच शब्द, भाड्याने मिळणारे माजी मंत्री, हे सगळं त्यांनी नावानिशी मोजून दाखवलं. महिन्याभरात मजूर पक्षाचे माजी मंत्री स्टीफन बायर्स छुप्या कॅमेऱ्यासमोर स्वतःला ‘भाड्याची टॅक्सी’ म्हणवून घेताना सापडले आणि भाषण द्रष्टं ठरलं.

सत्तेत आल्यावर कॅमरन सरकारने २०१४मध्ये लॉबिंगचा कायदा केला. पण नोंदणीची सक्ती केली ती फक्त ‘सल्लागार लॉबिस्ट’वर, म्हणजे दुसऱ्या अशिलासाठी पैसे घेऊन मंत्र्यांशी किंवा खात्याच्या सर्वोच्च सचिवांशी बोलणाऱ्यांवर. कंपनीचा स्वतःचा नोकर कंपनीसाठी बोलत असेल तर नोंदणी नको. लॉबिंगचा मोठा हिस्सा तर कंपन्यांचे पगारी लोकच करतात. गंमत अशी की त्याच कायद्याचा दुसरा भाग निवडणूक काळात स्वयंसेवी संस्थांच्या मोहिमांवर बंधनं घालणारा होता आणि तो त्यांना चांगलाच जाचला.

मार्च २०२१मध्ये बातम्या फुटल्यावर लॉबिस्टांच्या निबंधकांनी कॅमरन यांची चौकशी केली आणि काही दिवसांत निर्वाळा दिला: ते ग्रीन्सिलचे नोकर होते, नोंदणीची गरज नव्हती. आपल्याच सरकारने केलेल्या कायद्यातून, त्याच्याच व्याख्येनुसार सुटका.

उत्तरदायित्वाचं काय झालं

फायनान्शियल टाइम्स आणि संडे टाइम्स यांनी प्रकरण लावून धरलं नसतं तर यातलं फारसं काही बाहेर आलं नसतं. मंत्र्यांच्या भेटींच्या तिमाही याद्या ब्रिटनमध्ये प्रसिद्ध होतात, पण त्यांत मेसेज येत नाहीत. माहिती अधिकारात मागणी झाल्यावर अर्थखात्याने एप्रिल २०२१मध्ये सुनक यांचे मेसेज दिले. कॅमरन यांनी सुनक यांना पाठवलेले दिले नाहीत, कारण म्हणे ते विश्वासाने पाठवलेले होते. स्कॉलर यांच्या फोनवरचे मेसेज मुळात उरलेच नव्हते. जून २०२०मध्ये चुकीचा पासवर्ड टाकला गेल्याने फोन रीसेट झाला आणि सगळं पुसलं गेलं, असं खात्याने सांगितलं. देशाच्या तिजोरीच्या मुख्य सचिवाशी झालेल्या संवादाची एकमेव प्रत फोनमध्ये होती आणि ती पासवर्डसोबत गेली. शेवटी संसदीय समितीने मागितल्यावर कॅमरन यांच्याकडूनच मेसेज मिळाले.

१४ एप्रिलला मजूर पक्षाने स्वतंत्र संसदीय चौकशीचा ठराव मांडला, तो ३५७ विरुद्ध २६२ मतांनी पडला. पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी त्याआधीच नायजेल बोर्डमन या वकिलांना चौकशी सोपवली होती. त्यांना साक्षीदारांना सक्तीने बोलावण्याचा अधिकार नव्हता. लेक्स ग्रीन्सिलला सरकारात असामान्य सवलतीचं स्थान मिळालं, असा त्यांचा निष्कर्ष. ठपका प्रामुख्याने हेवूड यांच्यावर, जे २०१८मध्येच वारले होते. कॅमरन यांनी अधिक स्पष्टपणे वागायला हवं होतं, बेकायदा काही नाही.

खरी उलटतपासणी झाली १३ मे २०२१ रोजी, अर्थविषयक संसदीय समितीपुढे. खासदार अँजेला ईगल यांनी तोंडावर सांगितलं की हे मेसेज लॉबिंगपेक्षा पिच्छा पुरवण्यासारखे वाटतात. ‘लव्ह, डीसी’बद्दल विचारल्यावर कॅमरन म्हणाले, थोडीबहुत ओळख असलेल्या कुणालाही मी असंच लिहितो, का ते माहीत नाही. माजी पंतप्रधानाने केवळ औपचारिक मार्गानेच सरकारशी संपर्क साधावा हे त्यांनी आधीच एका निवेदनात मान्य केलं होतं. समितीने जुलैच्या अहवालात त्यांच्याकडे विवेकाचा मोठा अभाव दिसल्याचं म्हटलं. सुरुवातीलाच त्यांना औपचारिक मार्गाने यायला सांगायला हवं होतं, असं अर्थखात्यालाही सुनावलं.

शिक्षा? काही नाही. १३ नोव्हेंबर २०२३ रोजी कॅमरन यांना उमराव करून परराष्ट्रमंत्री नेमण्यात आलं. नेमणारे पंतप्रधान होते ऋषी सुनक.

आपल्याकडून पाहताना

भारतात लॉबिंगचा कायदाच नाही, त्यामुळे व्याख्येतून सुटण्याचाही प्रश्न येत नाही. निवृत्त केंद्रीय अधिकाऱ्याला वर्षभर खासगी नोकरीसाठी परवानगी लागते. मंत्रिपद गेलेल्याला दुसऱ्या दिवशी कुठल्याही कंपनीच्या संचालक मंडळावर जाता येतं आणि सचिवांकडे शब्द टाकता येतो. मंत्र्यांना कोण भेटून गेलं याची यादी आपल्याकडे तिमाहीलाच काय, कधीच निघत नाही. २०१२मध्ये वॉलमार्टच्या लॉबिंगवरून आपल्या संसदेत गदारोळ झाला, कारण कंपनीने भारतीय बाजारपेठेसह इतर विषयांवर केलेला खर्च अमेरिकी कायद्यानुसार अमेरिकेत जाहीर केला होता. आपल्याला आपल्याविषयीचं कळलं ते तिथल्या कागदावरून. न्या. मुकुल मुद्गल यांची समिती नेमली गेली, हाती ठोस काही लागलं नाही.

म्हणून ब्रिटनला नावं ठेवताना जरा जपून. तिथे निदान खासदारांसमोर माजी पंतप्रधान तासन् तास बसला आणि त्याचे मेसेज छापून आले.

तिथे पुढे बदल झाले ते निम्मेच. ऑक्टोबर २०२५मध्ये अकोबा बरखास्त करून तिचं काम दुसऱ्या यंत्रणांकडे दिलं गेलं, आणि नियम मोडणाऱ्या माजी मंत्र्याने पद सोडतानाची भरपाई परत करावी अशी अपेक्षा घातली गेली. २०१४च्या कायद्यातल्या ‘सल्लागार लॉबिस्ट’च्या व्याख्येला मात्र कुणी हात लावला नाही. कंपनीच्या पगारपत्रकावर नाव असेल तर माजी मंत्र्याला अर्थमंत्र्यांना मेसेज करण्यासाठी आजही कुठे नोंद करावी लागत नाही.